बाबांच्या पोटात सारखं पाणी होतंय, टिप्स (लिव्हरमधला स्टेंट) करावं का टॅपिंगच (सुईने पाणी काढणं) चालू ठेवावं? आणि एअर बेड कुठला घ्यावा?

सातारचा_पोरगा

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहितोय, आधीच माफी मागतो.

बाबा ६१ वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन तीन वर्षं झाली. शुगर जुनी आहे, १८ वर्षं झाली असतील. दारूचा थेंब कधी घेतला नाही तरी लिव्हर सिरॉसिस निघालं, फॅटी लिव्हरमुळे म्हणे. (गल्लीत लोक अजून मलाच विचारतात, काय रे तुझे बाबा लपून घ्यायचे का. काय बोलायचं अशांना.) आजी आपली जलोदर जलोदर म्हणून बोटं मोडत बसलेली असते.

गेल्या वर्षी पहिल्यांदा पोटातलं पाणी काढलं, मग दोन महिन्यांनी, मग महिन्याने, आता १६-१७ दिवस झाले की पोट माठासारखं होतं आणि दम लागायला लागतो. प्रत्येक वेळी सहा सात लिटर निघतं. सुई लावतात, नळी खाली जारमधे सोडतात, पिवळसर पाणी येत राहतं आणि बाबा कॉटवर पडल्या पडल्या जार मोजतात. कंडक्टरची सवय, जात नाही. एका जुन्या वहीत तारीख, लिटर, आधीचं वजन, नंतरचं वजन, अल्ब्युमिनच्या (शिरेतून देतात ते प्रोटीन) बाटल्या किती, सगळं लिहिलेलं आहे, खाली सहीसकट.

लघवीच्या गोळ्या आधी होत्या (अल्डॅक्टोन आणि लॅसिक्स) पण सोडियम १२४ पर्यंत उतरलं आणि क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) वाढलं म्हणून बंद केल्या. आता सोडियम १३१, क्रिएटिनिन १.२, बिलिरुबिन १.९. चाइल्ड बी म्हणालेत, म्हणजे लिव्हर किती बिघडलंय त्याची मधली पायरी. रक्ताची उलटी कधी झाली नाही, भ्रम वगैरे पण अजून तरी नाही.

तर आता पुण्यातल्या डॉक्टरांनी टिप्स सुचवलंय. गळ्यातल्या शिरेतून खाली जाऊन लिव्हरच्या आतून स्टेंट टाकतात म्हणे, प्रेशर कमी होतं आणि पाणी व्हायचं थांबतं. चिठ्ठीच्या मागे चित्र काढून समजावलं त्यांनी, चांगले आहेत बोलायला. म्हणाले फ्रान्समधे अभ्यास झालाय, वर्षभरानंतर टिप्सवाले ९३ टक्के आणि नुसतं पाणी काढत राहिलेले ५२ टक्के जगले. माझा चुलतभाऊ सोबत होता तो तर तिथेच म्हणाला सही करून टाक, ९३ आणि ५२ मधे विचार काय करायचा.

पण इथले आमचे जुने डॉक्टर, ज्यांनी बाबांची शुगर इतकी वर्षं सांभाळली, ते म्हणतात नको रे, टिप्स केलेला माणूस भ्रमिष्ट होतो, मी पाहिलेत. आता दोघंही आमच्या भल्याचंच सांगतायत आणि मी मधल्या मधे लटकलोय.

दुसरं, बाबा दिवसभर पलंगावर उशा लावून टेकून असतात, माकडहाडावर लाल चट्टा दिसायला लागलाय. दुकानात दोन प्रकारचे एअर बेड दाखवले, बबलवाला अडीच हजाराला आणि ट्यूबवाला साडेसात हजाराला. तिप्पट भारी आहे का तो की नुसतंच गिऱ्हाईक बघून सांगतात?

मावळा_२२

दादा, आमच्या मामांना सेम होतं. गुळवेलीचा काढा सकाळी अनशापोटी आणि पुनर्नवा. लिव्हर धुऊन निघतं. स्टेंट बिंट नका लावू, एकदा हॉस्पिटलच्या चक्रात अडकला की संपलं.

रेसिडेंट_झोपेत

@मावळा_२२ भाऊ, राग मानू नका पण हे इथे लिहू नका. कोरोनाच्या काळात लोकांनी इम्युनिटीसाठी गुळवेल प्यायली आणि कावीळ घेऊन आले, मुंबईच्या डॉक्टरांनी अशा सहा जणांच्या केसेस २०२१ मधे छापल्यात. आयुष मंत्रालयाने तेव्हा त्यावर आक्षेपही घेतला होता, ते सगळं मान्य, वाद चालू राहू दे. पण ज्याचं लिव्हर आधीच शेवटच्या दमावर आहे त्याच्यावर प्रयोग करायची ही जागा नव्हे. तसंच पाठ दुखते म्हणून डायक्लोफिनॅक, कॉम्बिफ्लाम वगैरे पेनकिलर परस्पर अजिबात नाही, किडनी बसते अशा पेशंटची.

आता @सातारचा_पोरगा. मेडिसिनचा रेसिडेंट आहे, लिव्हरचा स्पेशालिस्ट नाही, नाइट संपवून लिहितोय, शुद्धलेखन माफ. तुमच्या डॉक्टरांच्या जागी मी बोलत नाहीये, त्यांच्याशी बोलताना काय विचारायचं एवढंच सांगतो.

आधी पाणी का होतं ते. आतड्यातून निघालेलं सगळं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या एका मोठ्या शिरेतून लिव्हरमधे जातं. लिव्हर मऊ असतं तोवर ते आरामात पार होतं. सिरॉसिसमधे आत नुसते व्रण आणि गाठी, रस्ता बंद. रक्त मागे तुंबतं, प्रेशर वाढतं. मोजायची पद्धत आहे त्याची, लिव्हरच्या आधीच्या आणि नंतरच्या शिरांतल्या प्रेशरमधला फरक बघतात, नॉर्मल माणसात तो ५ च्या आत असतो, १० च्या वर गेला की पाणी होणं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगणं वगैरे सुरू, १२ च्या वर त्या शिरा फुटायची भीती. शिवाय किडनीला वाटतं शरीरात रक्त कमी आहे, ती मीठ धरून ठेवते, ते पाणी परत पोटात. म्हणजे टॅपिंग म्हणजे गळक्या छताखालची बादली ओतणं. बादली ओतायला लागतेच, पण छत तसंच.

टिप्स म्हणजे लिव्हरच्या आतून एक बायपास. तुंबलेलं रक्त गाठींना वळसा घालून थेट हृदयाकडे. प्रेशर १२ च्या खाली आणायचं हे उद्दिष्ट. हे तुमचे पुण्याचे डॉक्टर बरोबर बोलले. पण बायपास झाला की आतड्यातला अमोनिया वगैरे जो कचरा लिव्हर गाळत होतं, तो न गाळता मेंदूकडे जातो. तिथून भ्रम. म्हणजे तुमचे साताऱ्याचे डॉक्टरही खोटं बोलत नाहीयेत.

मला विचाराल तर दोघंही खरं सांगतायत, फक्त दोघांची वर्षं वेगळी आहेत.

कशी ते बघा. ही कल्पना १९६९ मधे अमेरिकेत जनावरांवर करून पाहिली, माणसात धातूचा स्टेंट पहिल्यांदा टाकला तो जर्मनीत, १९८८ ला. तेव्हाचे स्टेंट उघड्या जाळीचे. आतून पेशी वाढायच्या, वर्षभरात अर्धे अधिक चोंदायचे, परत आत जाऊन फुगवायचे, परत चोंदायचे. त्या काळातल्या अभ्यासात पाणी कमी झालं हे दिसलं पण भ्रमाचे पेशंट जास्त आणि जगण्यात फायदा कधी दिसला कधी नाही. तुमच्या साताऱ्याच्या डॉक्टरांनी पाहिलेले पेशंट बहुतेक त्यातले. मग आतून पीटीएफईचं (टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक) अस्तर असलेले स्टेंट आले, २००४ मधे त्यांची जुन्या स्टेंटशी तुलना छापून आली, चोंदायचं प्रमाण बरंच खाली आलं. तुम्हाला सांगितलेला फ्रान्सचा अभ्यास २०१७ मधे छापलाय आणि तो या अस्तरवाल्यांवरचा आहे. ९३ आणि ५२ आकडे बरोबर आहेत, वर्षभर लिव्हर बदलल्याशिवाय जिवंत राहिलेल्यांचं प्रमाण. आणि भ्रमाचं म्हणाल तर वर्षभर भ्रम न झालेले दोन्ही गटांत ६५ टक्केच. टॅपिंगवाल्यांनाही होतो तो, हे लोक विसरतात. वर्षभरातली एकूण टॅपिंगं मोजली तर टिप्सच्या गटात ३२ आणि दुसऱ्यात ३२०. बाबांना हे सांगा, मोजणाऱ्या माणसाला आवडेल.

आता चुलतभावाला काय सांगायचं ते ऐका. तो अभ्यास ६२ जणांचा. एकूण. २९ एका बाजूला, ३३ दुसऱ्या. आणि दारातून आत कोणाला घेतलं होतं हे बघायला पाहिजे. वारंवार भ्रम होणारे नाहीत, बिलिरुबिन फार चढलेले नाहीत, किडनी बसलेले नाहीत, आणि महत्त्वाचं म्हणजे मागच्या तीन महिन्यांत सहापेक्षा जास्त वेळा पाणी काढावं लागलेलेही नाहीत. म्हणजे आजार पार हाताबाहेर जायच्या आधीचे लोक. तर ९३ टक्के हा आकडा त्यांचा आहे, सगळ्या जगाचा नाही. तुम्ही लिहिलंय १६-१७ दिवसांनी, म्हणजे तीन महिन्यांत पाच सहा. बाबा त्या दारात अगदी उंबरठ्यावर उभे आहेत. बिलिरुबिन, क्रिएटिनिन बरं आहे. सहा महिने विचार करत बसलात तर मात्र ते दार बंद होऊ शकतं, आणि मग साताऱ्याचे डॉक्टर खरे ठरतील.

डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी. टू डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला का? अचानक एवढं रक्त हृदयाकडे वळलं तर ते झेपलं पाहिजे, १८ वर्षं शुगर असलेल्या माणसात हे आधी बघायचं. स्टेंट ८ मिमी ठेवणार की १० चा? बारीक ठेवला तर भ्रम कमी, गरज पडली तर नंतर फुगवता येतो. भ्रम होऊ नये म्हणून आधीपासून औषध देणार का? फ्रान्समधेच २०२१ मधे १९७ जणांवर अभ्यास झाला, टिप्सच्या दोन आठवडे आधीपासून रिफॅक्झिमिन सुरू केलं तर पुढच्या सहा महिन्यांत भ्रम ३४ टक्क्यांना झाला, औषध नसलेली नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ५३ टक्क्यांना. स्वस्त नाहीये ते औषध, आधीच खर्चात धरा. आणि शेवटचं, त्या टीमने असे किती केलेत. हे विचारायला लाजू नका, शिरेतून शिरेत लिव्हर भोसकत जायचं काम आहे, हाताला सवय लागते.

आणि लिव्हर ट्रान्सप्लांटचं नाव निघालं नसेल तर तुम्ही काढा. टिप्सने लिव्हर दुरुस्त होत नाही, प्रेशर उतरतं फक्त.

वर्धेकर_ताई

माझ्या मिस्टरांचं टिप्स झालं त्याला आता सव्वा दोन वर्षं झाली. पाणी लगेच गेलं असं समजू नका हं, आम्हाला तेच सांगितलं नव्हतं नीट. स्टेंट टाकल्यावर दोन वेळा परत टॅपिंग करावं लागलं आणि मला वाटलं गेले पैसे पाण्यात. मग हळूहळू लघवीच्या गोळ्या परत सुरू केल्या त्या या वेळी लागू पडल्या, आणि तिसऱ्या महिन्यात त्यांची जुनी पँट बेल्ट लावून बसली. रडले मी त्या दिवशी, पँटवरून.

पण भ्रमाचं लिहायला पाहिजे कारण तो आम्हाला झाला. पाचव्या आठवड्यात. एकदम वेडं वागत नाही माणूस, हे कुणी सांगत नाही. सुरुवात फार बारीक असते. रात्री टक्क जागे आणि दिवसा डुलक्या. मग एक दिवस चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि प्यायले, चव पण कळली नाही. मी हसले. मी हसले होते हो. दोन दिवसांनी मुलाला ओळखेनात.

तेव्हापासून मी रोज सकाळी पेपर आला की कोपऱ्यात त्यांची सही घेते. रोज. सही वाकडी झाली, अक्षरं एकावर एक चढली की मी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करते, उद्यावर नाही. तुमच्या बाबांची वही आहेच, त्यातच सही करतात म्हणता ना, मग झालंच तुमचं काम. हात समोर ताणून पंजा वर करायला सांगायचा, पंजा पाखरासारखा फडफडला तर पण तेच.

आणि लॅक्टुलोजचं पातळ औषध. लोकांना वाटतं जुलाबाचं औषध, किती दिवस घ्यायचं. दिवसाला दोन तीन वेळा मऊ व्हायलाच पाहिजे हा त्याचा हिशोब आहे. आमच्याकडे लग्नाला जायचं म्हणून त्यांनी दोन दिवस बंद ठेवलं, प्रवासात कुठे जायचं म्हणून. लग्नातच परत भ्रम झाला मग.

रेसिडेंट_झोपेत

ताई, तुमची सहीची युक्ती एकदम बरोबर आहे, आम्हीही वॉर्डात पेशंटकडून चांदणी काढून घेतो आणि आकडे जोडायला देतो, तोच प्रकार. लॅक्टुलोजचं तर आपल्याकडचंच काम आहे, दिल्लीच्या जी. बी. पंत हॉस्पिटलमधे एकदा भ्रम होऊन गेलेल्या पेशंटांवर अभ्यास केला होता, २००९ मधे छापलाय. औषध चालू ठेवलेल्यांत परत भ्रम झाला साधारण २० टक्क्यांना, न घेणाऱ्यांत ४७ टक्क्यांना. इतकं जुनं, स्वस्त, गोडमिट्ट औषध, आणि आता सगळे घेतात ते अशाच अभ्यासांमुळे.

अजून एक. भ्रम होईल म्हणून डाळ, अंडी, दूध बंद करणारे नातेवाईक दर आठवड्याला भेटतात. करू नका. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी २००४ मधेच दाखवलं की भ्रम असतानाही नेहमीएवढं प्रोटीन दिलं तर बिघडत नाही. उलट स्नायू झिजले की अमोनिया जिरवायला जागाच उरत नाही. झोपायच्या आधी काहीतरी खायला द्या, एखादी भाकरी दुधात कुस्करून किंवा बेसनाचा लाडू, शुगर सांभाळून. मीठ मात्र कमी. पापड, लोणचं, फरसाण हे सगळं मीठच आहे.

जिज्ञासू_डोंबिवली

मधे घुसतो. पोटातलं पाणी आपोआप मूत्राशयात सोडणारा पंप निघालाय असं वाचलं होतं. ते असेल तर स्टेंटची भानगडच नको ना? लघवीवाटे गेलं पाणी.

रेसिडेंट_झोपेत

अल्फापंप म्हणतात त्याला. पोटाच्या कातडीखाली बसवतात, एक नळी पोटात एक मूत्राशयात, बॅटरी बाहेरूनच कातडीवरून चार्ज करायची. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०२४ मधे मान्यता दिलीय. टॅपिंगच्या फेऱ्या वाचतात हे खरं. पण बघा, तो बादली ओतणारा पंप आहे, छताला हात लावत नाही. प्रेशर जिथल्या तिथे. आणि शरीरात बाहेरची वस्तू म्हटली की इन्फेक्शन, नळी चोंदणं, किडनी. ज्यांना टिप्स झेपणार नाही त्यांच्यासाठी विचार. या जातीच्या कल्पनेला इतिहास पण आहे, १९७४ मधे लव्हीन नावाच्या सर्जनने पोटातलं पाणी थेट गळ्याजवळच्या शिरेत सोडणारी झडपवाली नळी काढली होती. फार गाजली. मग चोंदायला लागली, इन्फेक्शन व्हायला लागली आणि जगण्यात काही फरक पडेना म्हणून मागे पडली.

लीड्सची_नर्स

मी मूळची सांगलीची, इकडे इंग्लंडात अकरा वर्षं वॉर्डात आहे. स्टेंटचं वरचे सांगतायत, मी खालच्या गादीचं सांगते कारण त्याबद्दल कुणी एक ओळ लिहिली नाही आणि लाल चट्ट्याला थांबायला वेळ नसतो.

आधी चट्टा बघा. बोटाने दाबा आणि सोडा. पांढरा पडून परत लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबलं तरी लालच राहिला तर तो प्रेशर सोअरचा (पडून पडून दाबाने होणारी जखम) पहिला टप्पा आहे, त्या भागावर आजपासून भार नको. तेल लावून चोळू नका, आपल्याकडे आई आज्ज्या चोळायलाच घेतात, आतलं अजून फाटतं त्याने. मधे भोक असलेली रबरी रिंग पण नको, रिंगच्या कडेने रक्त अडतं. पाण्याने भरलेले ग्लोव्हज पण नकोत, ते इकडच्या जुन्या वॉर्डातही चालायचे, आता कुणी करत नाही.

तुमच्या बाबांचं खरं दुखणं वेगळं आहे. पोट मोठं, दम लागतो, म्हणून ते उशा लावून अर्धवट बसतात. मग काय होतं, अंग हळूहळू खाली घसरतं पण कातडी चादरीला चिकटून वरच राहते. माकडहाडावर नुसता दाब नाही, ओढ पण पडते. सिरॉसिसवाल्यांचं अल्ब्युमिन कमी, ढुंगणावरचं मांस झिजलेलं, वर कातडीत सूज, ती कातडी ओल्या कागदासारखी असते. तर डोकं वर करायच्या आधी गुडघ्याखाली उशी द्या, मग डोकं वर करा, घसरणं थांबतं. कुशीवर पूर्ण झोपवू नका, पोट लोंबतं आणि त्यांना जमणारही नाही, पाठीमागे उशी देऊन थोडं तिरकं करा, पाव कुशी म्हणा. दर दोन तासांनी बाजू बदला. टाचा पण बघा, पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी. पुरुषांना खाली वृषणाच्या पिशवीला सूज येते, लाजेने सांगत नाहीत, खाली टॉवेलची घडी द्या.

आता गादी. इकडे यावरच मोठा अभ्यास झाला, प्रेशर २ नाव त्याचं, लीड्सच्या लोकांनीच केला, दोन हजारांवर पेशंट, २०१९ मधे छापलाय. एका गटाला पंपवाली हवेची गादी, दुसऱ्याला चांगल्या प्रतीची फोमची. जखमा झाल्या ६.९ टक्क्यांना आणि ८.९ टक्क्यांना. म्हणजे हवेच्या गादीकडे जरासा कल, पण छातीठोक फरक म्हणावा असा नाही. एवढे पैसे, एवढा आवाज, आणि फरक एवढासा. लक्षात ठेवा की तिथे दोन्ही गटांना नर्सेस फिरवत होत्याच. गादी घेतली म्हणून बाजू बदलायची सुट्टी नाही.

तरी घरी माणसं कमी असतील, रात्री उठणं होत नसेल तर ट्यूबवाला घ्या, बबलवाला नको. बबलच्या गादीची उंची कमी, वजनदार माणसाचं माकडहाड थेट पलंगाच्या फळीला टेकतं. घरी आणल्यावर एकदा तपासा, बाबा झोपलेले असताना गादीखालून माकडहाडाच्या बरोबर खाली तळहात सरकवा, वरचं हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे. पंपावर वजनाप्रमाणे सेटिंग असतं, आणि तुमच्या बाबांचं वजन टॅपिंगच्या आधी नंतर सहा सात किलोने बदलतं. त्यांच्या वहीत आहेच ते, बटण त्याप्रमाणे फिरवा. वर चादर सैल ठेवा, पलंगपोस ताणून खोचलात तर ट्यूब दबतात आणि साडेसात हजारांची साधी गादी होते. रेक्झिन, जाड गोधडी काही घालू नका मधे.

कागदी_घोडा

क्लिनिकल ट्रायलचं कोऑर्डिनेशन करतो नाशकात, म्हणजे पेशंटच्या नातेवाइकांना कागद समजावायचं काम. दोन गोष्टी.

रेसिडेंट साहेबांनी दाराचा मुद्दा काढला तो सोन्यासारखा आहे. अल्ब्युमिनचंच घ्या, ज्याच्या बाटल्या तुम्ही दर वेळी विकत घेता. इटलीत ४३१ जणांवर अभ्यास झाला, २०१८, घरी राहणारे जलोदराचे पेशंट, आठवड्याला अल्ब्युमिन दिलं. दीड वर्षाने ७७ टक्के जिवंत, न दिलेल्यांत ६६. सगळे खूश. मग इंग्लंडात २०२१ मधे साडेसातशेच्या वर पेशंटांवर केलं, हे हॉस्पिटलात भरती असलेले, रक्तातला अल्ब्युमिनचा आकडा ३० च्या वर न्यायचा म्हणून रोज बाटल्या चढवल्या. काही फायदा नाही, उलट काहींना फुप्फुसात पाणी. औषध तेच, आजार तोच. दाराशी उभे असलेले लोक वेगळे, देण्याची रीत वेगळी, उत्तर उलटं. (पाच लिटरच्या वर पाणी काढलं की लिटरमागे ८ ग्रॅम द्यायचं हे मात्र पक्कं आहे, ते बंद करायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. वीस टक्केवाल्या १०० मिलिच्या बाटलीत २० ग्रॅम, सात लिटरला ५६ म्हणजे जवळपास तीन बाटल्या, बाबांच्या वहीशी ताडून बघा.)

दुसरं, पुण्यामुंबईत फिरताना कुणी म्हणालं की बाबांना एखाद्या अभ्यासात घेऊ का, तर घाबरू पण नका आणि फुकट औषध म्हणून उड्या पण मारू नका. नंबर मागा, सीटीआरआयचा (देशातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही). २००९ पासून ट्रायलची तिथे नोंद करावी लागते, साइट उघडून नंबर टाकला की कोणाला घेणार, कोणाला नाही सगळं दिसतं. संमतीपत्र मराठीत मागा, घरी न्या, दोन दिवस घ्या. कधीही बाहेर पडता येतं आणि त्यावरून नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. अभ्यासामुळे काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई हे २०१९ च्या नियमांत लिहिलेलं आहे. माझ्याकडे लोक येतात, सही कुठे करायची एवढंच विचारतात. अठरा पानं असतात हो, एक तरी वाचा.

पैशांचं: टिप्सला कुठली योजना लागते का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारा. नंतर विचारलं की फॉर्मच्या तारखांचा घोळ होतो.

सातारचा_पोरगा

मंडळी, काय बोलू. तीन दिवस रोज रात्री सगळं परत परत वाचलं. बाबांना पण वाचून दाखवलं, ३२ आणि ३२० वर ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले एका माणसाची दहा तिकिटं वाचली की रे.

साताऱ्याच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. सरळ विचारलं, तुम्ही पाहिलेले पेशंट कधीचे. विचार करून म्हणाले नव्व्याण्णव, दोन हजार, त्या सुमाराचे. मग स्वतःच म्हणाले की तेव्हा जाळीचेच होते. आधी म्हणाले नको, आता म्हणतायत इको चांगला आला तर कर, पण भ्रमाची जबाबदारी घरच्यांनी घ्यायची, ती डॉक्टर घेऊ शकत नाही. पुण्याला इको झाला, ठीक आहे म्हणाले. स्टेंट बारीकच ठेवणार आहेत. रिफॅक्झिमिन सुरू केलंय, त्याचं बिल बघून आईने देवापुढे ठेवलं. दोन आठवड्यांनी तारीख दिलीय. ट्रान्सप्लांटच्या लिस्टचं मी विचारलं तर तेही फॉर्म देतो म्हणाले, आपण विचारलं नसतं तर निघालं असतं की नाही कुणास ठाऊक.

वर्धेकर ताई, वहीत सहीचा रकाना आखलाय. बाबा म्हणाले वेबिलावर पस्तीस वर्षं सही केली, एकदाही वाकडी नाही. बघू.

नर्सताई, ट्यूबवाला आणला. तळहात घालून पाहिला, हाड लागत नाही. चट्टा दाबला तर पांढरा पडतोय अजून, गुडघ्याखाली उशी चालू केलीय. फक्त एक, पंप पलंगाच्या पायाशी अडकवलाय तो रात्रभर घुर्रर्र करतो, लाकडी पलंग सगळा थरथरतो आणि आजी म्हणते भूकंप झाला. काही उपाय?

लीड्सची_नर्स

हा हा. हुकाच्या आणि लाकडाच्या मधे जुना टर्किश टॉवेल चौघडी करून घाला, आवाज निम्मा होईल. जमिनीवर ठेवू नका, धूळ ओढतो आणि नळी पायात येते. आणि लाइट जाते का तुमच्याकडे? गेली तर नळी पंपापासून काढून तिच्या टोकाचं झाकण लावून टाका, बऱ्याच गाद्यांना असतं ते, हवा काही तास टिकते. झाकण आधी शोधून पंपालाच बांधून ठेवा, अंधारात सापडत नाही.